रंगाच्या आधी पाणी

तीन रंगांचा गम प्रिंट हातात आला की जाणता माणूस आधी चित्रातल्या माणसाची पापणी बघतो. पापणी नसेल तर चष्म्याची काडी, खिडकीचा गज, विजेची तार, असं काहीतरी बारीक आणि ठळक शोधतो. निळा, किरमिजी आणि पिवळा हे तिन्ही थर एकमेकांवर नेमके बसले असतील तर ती रेघ काळसर आणि एकसंध दिसते. नसतील तर तिच्या एका कडेला निळी झाक असते आणि दुसऱ्या कडेला तांबूस. छापखान्यातली माणसं याला रजिस्टर हललं असं म्हणतात. ऑफसेटवर रजिस्टर हललं तर यंत्र थांबवून सिलिंडर किंवा प्लेट सरकवता येते. हाताने केलेल्या गम प्रिंटमध्ये सरकवण्याजोगं काही नसतं, कारण पहिला थर दिला तेव्हा कागद जेवढा होता तेवढा तो दुसऱ्या थराच्या वेळी उरलेलाच नसतो.

ही पुस्तिका त्या आकसण्याबद्दल आहे. रसायनाचा पहिला हात फिरवण्याआधी कागद गरम पाण्यातून काढायचा, मोकळेपणी वाळू द्यायचा आणि जेवढा आकसणार असेल तेवढा आधीच आकसवून घ्यायचा, एवढंच हे काम. बहुतेक हस्तपुस्तकांत ते दोन ओळींत उरकलेलं असतं. पुढची पानं डायक्रोमेटचं प्रमाण, रंगाच्या ट्यूबा, दिव्याचं अंतर, निगेटिव्हची घनता यांनी भरलेली असतात. मला ही वाटणी चुकीची वाटते. थरांवर थर चढवून केलेल्या छायाचित्रात मुद्रण धड होणार की नाही, याचा मोठा भाग साध्या पाण्याच्या टबात ठरतो. म्हणूनच केवळ कागदाच्या तयारीवर कुणीतरी अख्खी पुस्तिका लिहावी याचं मला मोल वाटतं.

गम बायक्रोमेट ही पद्धत ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवतात. त्यात जलरंगातलं रंगद्रव्य आणि अमोनियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट मिसळतात. हे मिश्रण ब्रशने कागदावर पातळ पसरून मंद उजेडात वाळवतात. त्यावर प्रतिमेच्याच मापाची निगेटिव्ह ठेवून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली धरतात. जिथे प्रकाश पोचतो तिथे डायक्रोमेटमुळे डिंक टणक होतो आणि पाण्यात विरघळत नाही. मग कागद उपडा करून पाण्यावर तरंगत ठेवतात. प्रकाश न लागलेला डिंक आपला रंग घेऊन हळूहळू सुटतो, खाली तळाशी बसतो आणि कागदावर प्रतिमा उरते. या पाण्याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास, कधी त्याहूनही जास्त.

आता अडचण अशी की एका थरात पुरा काळा उतरत नाही. थर जाड दिला तर प्रकाश वरून आत जातो, वरचा भाग टणक होतो आणि कागदाला टेकलेला भाग मऊच राहतो. धुताना तो मऊ भाग सुटतो आणि वरचं सगळं घेऊन जातो. मधल्या छटा तिथेच संपतात. जोसेफ स्वान यांनी १८६४ साली कार्बन पद्धतीत यावर उपाय काढला. थर दुसऱ्या कागदावर उलटा चिकटवायचा आणि मागून धुवायचा. गम पद्धतीत हा उपाय चालत नाही. तिथे थर पातळच द्यावा लागतो आणि गडदपणा हवा असेल तर पुन्हा द्यावा लागतो. एकाच रंगाचे तीन-चार थर, किंवा तीन रंगांचा प्रत्येकी एक तरी थर. प्रत्येक थराला ब्रश, प्रकाश, पाणी आणि वाळवण हे पूर्ण चक्र. म्हणजे एकच कागद तीनदा, सहादा, कधी दहादा पाण्यात जातो आणि बाहेर येतो. निगेटिव्ह मात्र प्रत्येक वेळी तीच, किंवा त्याच मापाची. शिवाय आज ती बहुधा पॉलिएस्टर फिल्मवर छापलेली असते आणि त्या फिल्मला पाण्याची दखल जवळजवळ नसते. एक बाजू स्थिर, दुसरी हलती.

हे हलणं किती? समजा कागद अर्धा टक्का आकसला. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. पण २५० मिलिमीटर रुंदीच्या प्रतिमेत तो सव्वा मिलिमीटर होतो. निगेटिव्ह मधोमध जुळवून चूक दोन्ही कडांना वाटली तरी प्रत्येक कडेला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक राहतोच, आणि पापणीची जाडी त्यापेक्षा किती तरी कमी असते. निगेटिव्ह आणि कागद यांना भोकं पाडून पिनांवर बसवण्याची युक्ती चांगली आहे, ती या पुस्तिकेतही आहे. पण पिन फक्त जागा जुळवते. कागद लहान झालेला असेल तर पिनेला त्याचं काही करता येत नाही. नवशिक्या मुद्रकाचा सगळा जीव पिनांवर आणि कोपऱ्यांतल्या खुणांवर असतो. खुणा जुळत नाहीत म्हटल्यावर तो आपल्या हाताला दोष देतो, तेव्हा त्याला कागदाकडे बघायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे.

या पद्धतीचा इतिहास वाचताना हा प्रश्न सतत डोकावतो. डायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशाला प्रतिसाद देतो हे स्कॉटलंडच्या मंगो पॉन्टन यांनी १८३९ साली दाखवलं. फ्रान्सच्या अल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ साली त्यात रंगद्रव्य घालून प्रतिमा मिळवण्याचं पेटंट घेतलं आणि इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या जॉन पाउन्सी यांनी १८५८ साली लंडनमध्ये असे प्रिंट मांडले. पुढची तीसेक वर्षं ही पद्धत जवळपास विस्मरणात गेली. १८९४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती परत आली आणि रोबेर दमाशी यांनी तिला प्रतिष्ठा दिली. दमाशी बहुतेक एकाच थरात काम करत. ब्रशच्या खुणा, धुतानाचे ओघळ हे त्यांना हवेच होते, त्यामुळे कागदाचं आकसणं त्यांच्या फारसं वाटेत आलं नाही. ते आलं व्हिएन्नाच्या कॅमेरा क्लबाशी जोडलेल्या तिघांच्या वाटेत. हाइनरिख क्यून, हुगो हेनेबेर्ग आणि हान्स वात्सेक यांनी १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एकावर एक थर चढवून मोठे, भरघोस छटांचे आणि बहुरंगी गम प्रिंट केले. भिंतीवर लावायच्या चित्राएवढे ते प्रिंट बघताना मला आधी त्या कागदाने किती पाणी बघितलं असेल तेच आठवतं. एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ साली केलेला चांदण्यातल्या तळ्याचा प्रिंट प्लॅटिनमवर गमचे थर देऊन केलेला आहे. २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला २९ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. लिलावात बोलली गेलेली ती किंमत चित्राची होती, पण त्या चित्राखाली पुन्हा पुन्हा भिजूनही जागेवर राहिलेला कागद आहे.

कागद मुळात आकसतोच का, हे नीट समजून घेतलं तर पुढची सगळी कृती पाठ करावी लागत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. तंतूने पाणी घेतलं की तो जाडीला चांगलाच फुगतो, लांबीला मात्र अगदी थोडा वाढतो. यंत्रावर लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू त्या धावेच्या दिशेने लोळतात. म्हणून यंत्राच्या कागदाला दोन स्वभाव असतात. धावेच्या दिशेला तो कमी हलतो, आडव्या दिशेला जास्त. मोल्ड-मेड म्हणून विकला जाणारा, फिरत्या गोल साच्यावर सावकाश बनलेला कागद या बाबतीत पुष्कळ सौम्य असतो, पण दिशा त्यालाही असतेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओला कागद वाळताना आकसायला बघतो. गिरणीत त्याला ते करू दिलं जात नाही. रुळांमधून ओढला जात, तापलेल्या सिलिंडरांना चिकटून तो ताणलेल्या अवस्थेत वाळतो. जे आकुंचन व्हायचं राहून गेलं ते ताण होऊन तंतूंच्या जोडांमध्ये कोंडलं जातं. कोरडा असेपर्यंत हा ताण जागच्या जागी राहतो. पाणी आत शिरलं की तंतूंमधले बंध सैल होतात, कोंडलेला ताण सुटतो आणि आता वाळताना कुणी ओढणारं नसल्यामुळे कागद पहिल्यापेक्षा लहान होऊन थांबतो. हे आकसणं परत फिरत नाही. कोरं सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी आपल्याकडे पाण्यातून काढतात, त्याचं कारण हेच आहे. यातलं सगळ्यात मोठं आकसणं पहिल्याच भिजण्यात होतं, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात नाममात्र. पाणी गरम असेल तर ते लवकर आणि पुरतं होतं. पहिलं मोठं आकसणं प्रतिमेच्या दोन थरांच्या मध्ये होण्याऐवजी कोऱ्या कागदावरच होऊन जावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

एकोणिसाव्या शतकातल्या अल्ब्युमेन प्रिंटवाल्यांना कागदाच्या दिशेचा अनुभव वेगळ्या वाटेने आला. तो कागद फार पातळ असे. प्रिंट ओला करून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवताना तो आडव्या दिशेला पसरे आणि पसरलेल्या अवस्थेतच चिकटून बसे. मग कागद कापताना दिशा कशी धरली होती त्यावर बसणाऱ्याचा चेहरा किंचित रुंद किंवा किंचित लांबट होई.

याच डायक्रोमेटचं एक रूप पुण्यातही होतं, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असावं म्हणून इथे नोंदवतो. इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेत कर्नल हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली १८६०च्या सुमारास फोटोझिंकोग्राफी रुजली. डायक्रोमेट लावलेल्या कागदावर नकाशाची निगेटिव्ह छापायची, शाई देऊन धुवायचा आणि ती शाईतली प्रतिमा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची. मुंबई इलाख्याचे कितीतरी नकाशे पुण्याच्या सरकारी फोटोझिंको कचेरीतून असेच निघाले. नकाशात तर आकसण्याचा हिशेब चित्रापेक्षा कडक. कागद दोन्ही बाजूंनी एक एक टक्का आकसला तर क्षेत्रफळ जवळजवळ दोन टक्क्यांनी घटतं. दुरुस्ती न करता अशा नकाशावरून एक एकर मोजलं तर ४० गुंठ्यांतला पाऊण गुंठ्याहून जास्त भाग कागदावरच नाहीसा होतो. नकाशावर छापलेली मोजपट्टी कागदाबरोबर आकसते म्हणून बरं, ती धरून हिशेब सुधारता येतो. पण आडवं आणि उभं आकसणं सारखं नसेल तर एका पट्टीवरही भागत नाही. जुन्या गाव-नकाशांवर काम केलेल्या मोजणीदाराला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. पुस्तिकेत ते टप्प्याटप्प्याने आलेलं आहे, मी त्यातला एक कागद डोळ्यांसमोर धरतो. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा, ३०० ग्रॅम वजनाचा, सुती जलरंगाचा पूर्ण ताव. मागच्या बाजूला, कडांपासून आत, टोकदार पेन्सिलीने बारीक फुल्या काढलेल्या. आडव्या बरोबर ५०० मिलिमीटर अंतरावर, उभ्याही तशाच. हे अंतर मोठं घेण्याला कारण आहे. पोलादी पट्टीवर अर्धा मिलिमीटर जेमतेम वाचता येतो, तेव्हा मूळ अंतर जेवढं मोठं तेवढं छोटं आकसणंही पकडता येतं. पेन्सिलच हवी, कारण शाई पसरते. शिवाय भिजल्यावर कागदाची उजवी बाजू कोणती ते ओळखणं अवघड होतं, तेव्हा ही खूण दुहेरी कामाची.

टबात पन्नास-साठ अंशांचं पाणी. ताव एका कडेने सरकवत आत घालायचा. सपाट टाकला तर खाली हवा अडकते आणि तेवढा गोल भाग कोरडा राहतो. काही क्षण कागद पाणी नाकारतो, त्याच्यावर थेंब गोळा होतात, कारण गिरणीने वर जिलेटिनचा लेप दिलेला असतो. मग तो लेप सैल होतो आणि कागद गडद होत जातो, कडांकडून मध्याकडे. बरेच ताव एकत्र असतील तर तळाचा काढून वर आणायचा, पुन्हा तळाचा वर, असं चालू ठेवायचं, नाहीतर दोन तावांच्या मध्ये पाणीच शिरत नाही. अर्ध्या तासाने पाण्यात बोटं घातली तर ते किंचित बुळबुळीत लागतं आणि सरसासारखा मंद वास येतो. सुटलेलं जिलेटिन ते. ताव उचलताना एकाच कोपऱ्याला धरू नये. ओल्या कागदाचं वजन त्याला फाडायला पुरेसं असतं.

वाळवण्यात बहुतेकांची घाई होते. ओला कागद टीपकागदात दाबून वजनाखाली ठेवला तर तो छान सपाट वाळतो, पण आकसायला त्याला मोकळीक मिळत नाही आणि गिरणीतला ताण आपणच पुन्हा आत भरतो. म्हणून तो मोकळा वाळला पाहिजे. दोरीवर दोन चिमटे लावून टांगणं ही सोयीची रीत आहे. पण टांगलेल्या तावावर त्याच्याच ओल्या वजनाचा ओढा असतो, तेव्हा जागा असेल तर ताणलेल्या जाळीवर आडवा पसरणं मला अधिक पसंत आहे. वाळल्यावर कागद वेडावाकडा, लाटांसारखा दिसतो. पूर्ण कोरडा झाल्यावर मग खुशाल वजनाखाली ठेवावा. मग पट्टी लावायची आणि आकडा लिहायचा. पुन्हा भिजवायचा, वाळवायचा, मोजायचा. आकडा हलायचा थांबला की काम झालं. किती वेळा हे कागद सांगतो, पुस्तक नाही. म्हणूनच या पुस्तिकेत ठरावीक संख्या दिलेली नाही आणि ते मला योग्य वाटतं.

याची किंमत मोजावी लागते हेही मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. गरम पाण्यात जिलेटिन गेलं म्हणजे कागद उघडा पडला. अशा कागदावर गमचा थर दिला तर रंगद्रव्याचे कण तंतूंत शिरतात, धुऊन निघत नाहीत आणि चित्रातला पांढरा भाग मळकट होतो. म्हणून आकसवल्यानंतर पुन्हा सायझिंग करावं लागतं, म्हणजे गेलेल्या लेपाच्या जागी नवा लेप द्यावा लागतो. बहुधा तीन टक्क्यांच्या आसपासचं कोमट जिलेटिन देतात आणि ते पुढच्या पाण्यात टिकावं म्हणून ग्लायॉक्झल, फॉर्मालिन किंवा ग्लुटराल्डिहाइडने टणक करतात. क्रम उलटा करून चालत नाही. आधी सायझिंग आणि मग गरम पाणी असं केलं तर टणक न झालेला लेप टबातच जातो. ग्लायॉक्झल वापरलं तर कागद नंतर नीट धुवावा, नाहीतर तो काळाच्या ओघात पिवळा पडतो. आणि ही तिन्ही द्रव्यं हवेशीर जागी, हातमोजे घालूनच हाताळावीत. डायक्रोमेटच्या बाबतीत मी याहून कडक शब्द वापरेन. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. ते उघड्या हाताला लागू नये, त्याची पूड नाकात जाऊ नये आणि वापरलेलं द्रावण घरच्या मोरीत ओतू नये. कला शिकवणाऱ्या माणसाने ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगावी.

जलरंग शिकलेल्या वाचकाला इथे एक शंका येईल. चित्रकला शाळांतून ओला कागद फळ्यावर गमटेपने ताणून बसवायला शिकवतात, त्यामुळे रंग देताना त्याला लाटा येत नाहीत. मग इथे सांगताहेत ते अगदी उलट कसं? दोन्ही बरोबर आहेत. चित्रकाराला कागद फक्त सपाट हवा असतो. चित्र पुरं होईपर्यंत तो फळ्यावरून सुटत नाही, आणि सुटल्यावर किती आकसला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गम मुद्रकाचा कागद दर थराला टबात जातो. तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक, कागदाला हवं तेवढं आकसू द्यायचं. दुसरी, त्याला कधीच हलू द्यायचं नाही.

दुसरी वाट अर्व्हिंग पेन यांनी घेतली. १९६०च्या दशकात, फॅशनच्या जगात नाव झालेलं असताना, ते जुन्या प्लॅटिनम पद्धतीकडे वळले. त्यांना एका थराचा प्रिंट पुरेना. एकाच प्रतिमेच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह घेऊन ते प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे थर एकावर एक देत. त्यासाठी त्यांनी कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पक्का चिकटवला. रसायन, प्रकाश, धुणं, वाळवणं सगळं पत्र्यासकट. धातू पाण्याने हलत नाही, म्हणून कागदही हलला नाही आणि वरच्या कडेच्या खुणांवर निगेटिव्ह दर वेळी जागच्या जागी बसली. पत्रा प्रिंटबरोबरच राहिला. यातली जिद्द मला फार भावते, पण शिकणाऱ्यासाठी मी पहिली वाटच सुचवेन. पत्र्यावर चिकटवलेला कागद पुन्हा सुटा होत नाही, चिकटवताना एक बुडबुडा राहिला तर तो शेवटपर्यंत राहतो आणि पत्र्याला खर्चही येतो. पाण्याच्या वाटेला टब आणि दोरी पुरते.

प्रत्येकाने प्रत्येक कागद आकसवून घ्यावा असं मात्र मुळीच नाही, आणि हा विवेक पुस्तिकेने राखला आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेला सायनोटाइप एकाच थराचा असेल, किंवा विल्यम विलिस यांच्या १८७३च्या पेटंटपासून चालत आलेला प्लॅटिनम प्रिंट एकदाच छापायचा असेल, तर कागद नंतर कितीही आकसला तरी प्रतिमा त्याच्याबरोबर आकसते आणि कुणाला कळतही नाही. उलट अशा वेळी गरम पाणी नुकसानच करतं. गिरणीने गुळगुळीत दाबलेला पृष्ठभाग भिजल्यावर तंतू उठून खरखरीत होतो, लेप जातो आणि महागडं प्लॅटिनम खोल शिरून काळा रंग फिका पडतो. एक अपवाद आहे. पुष्कळ कागदांत आम्लतेपासून रक्षण म्हणून चुन्याच्या जातीचं कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आणि सायनोटाइपच्या निळ्याला ते मानवत नाही. ते काढायला कागद सल्फॅमिक आम्लाच्या सौम्य द्रावणातून काढतात, त्यात तो आपोआप थोडा आकसतोही. तीन रंगांच्या गममध्ये निळ्या थराऐवजी खाली सायनोटाइप घेणाऱ्यांनी ही दोन्ही कामं एका बैठकीत उरकावीत.

आता या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आकसवलेला कागद म्हणजे स्थिर झालेला कागद, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. कायमचं आकसणं संपलं तरी हवेतल्या दमटपणाने फुगणं आणि कोरडेपणाने आकसणं चालूच राहतं. इतकंच नव्हे, मोकळेपणी वाळलेला कागद ताणून वाळवलेल्या कागदापेक्षा हवेच्या ओलीला जास्त प्रतिसाद देतो. ताण त्याला धरून ठेवत होता, तो आपण काढून टाकला. कोरड्या हवेच्या गावात बसून लिहिलेल्या हस्तपुस्तकांना याची फार काळजी करावी लागत नाही. आपल्याला करावी लागते. मुंबईत जुलैमध्ये पहिला थर दिला आणि दुसरा ऑक्टोबरच्या कडक उन्हात दिला, तर कितीही निगुतीने आकसवलेला कागद दोन्ही वेळी एका मापाचा असणार नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आणि त्याच दिवशी पहाटे कागद सारखा नसतो. उन्हात छापणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. फ्रेम तापते, आतला कागद प्रकाश पडत असतानाच वाळत आणि आकसत जातो, निगेटिव्ह तशीच राहते, आणि कडा धूसर होतात.

उपाय साधा आहे, पण शिस्तीचा आहे. एका चित्राचे सगळे थर शक्यतो सलग दिवसांत द्यावेत. थर दिल्यावर कागद त्याच खोलीत, पंख्याखाली, दर वेळी तेवढाच वेळ वाळवावा आणि लगेच छापावा. भिंतीवर एक स्वस्तातला हायग्रोमीटर टांगावा आणि त्याचा आकडा प्रत्येक थरापुढे वहीत लिहावा. पावसाळ्यात तर दुहेरी अडचण असते, कारण दमट आणि उष्ण हवेत डायक्रोमेट लावलेला डिंक अंधारातही आपोआप टणक होऊ लागतो. कोकणात आणि गोव्यात काम करणाऱ्यांना मी मोकळेपणाने सांगेन की त्या चार महिन्यांत कागद आकसवावेत, सायझिंग करावं, थप्प्या लावून ठेवाव्यात आणि छपाई दिवाळीनंतर करावी.

कागद कुठला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आर्श, फाब्रियानो यांसारखे युरोपातले सुती कागद भिजायला खंबीर आहेत, पण ते महाग पडतात आणि दर वेळी मिळतीलच असं नाही. आपल्याकडे कागद बनवण्याची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद दफ्तरांत नांदला, पुण्याच्या कसब्यातलं कागदीपुरा हे नावही तेच सांगतं. पण लिहिण्यासाठी खळ देऊन घोटलेल्या त्या जातीच्या कागदाचं सगळं सौंदर्य पृष्ठभागात असतं. गरम पाण्यात खळ जाते आणि घोटाईही जाते. आजचा कापडाच्या चिंध्यांपासून बनलेला हातकागद मात्र आजमावून बघण्यासारखा आहे. हाती बनवलेल्या कागदात तंतूंना ठळक दिशा नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंना बराचसा सारखा हलतो, आणि मोठ्या गिरणीच्या मानाने तो कमी ताणात वाळलेला असतो. त्याची खरी परीक्षा ओला असताना. काही ताव दोन तास पाण्यात राहिले की उचलताना लगद्यासारखे तुटतात, काही शांतपणे टिकतात. एकाच दुकानातून, एकाच नावाने घेतलेल्या दोन खेपांतही फरक पडतो. जो कागद टिकेल त्याचे एकाच खेपेतले बरेच ताव एकदम घेऊन ठेवावेत, म्हणजे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी कोरी कोष्टकं आहेत, ती भरण्यासाठीच आहेत. कागदाचं नाव, वजन, खेप, दिशा, पाण्याचं तापमान, प्रत्येक भिजवणीनंतरचं आडवं आणि उभं माप, त्या दिवशीची हवेतली आर्द्रता. नव्या वाचकाने डायक्रोमेटची बाटली विकत घेण्याआधी तीन वेगवेगळे कागद आणून ही कोष्टकं भरावीत. त्याला टब, गरम पाणी, पोलादी पट्टी आणि टोकदार पेन्सिल एवढंच लागतं. तीन कागदांपैकी कोणता दोन भिजवण्यांत थांबतो आणि कोणता चौथ्या भिजवणीलाही हलतो हे कळलं, की तिसऱ्या प्रकरणापासून पुढे वाचायला सुरुवात करावी.